चंद्राची साक्ष

जॉर्डनमधल्या आमच्या करक गावात एके काळी बाबांची साक्ष चाले. रमजानचा चंद्र दिसला का, हे काझी त्यांना विचारत, आणि बाबा "पाहिला" म्हणाले की गाव रोजे धरी. आता साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे बरेच खाल्लेत. हट्ट मात्र शाबूत आहे. "स्वतः पाहिल्याशिवाय रोजा धरणार नाही. रेडिओवर काय, कोणीही बोलतं."

माझा भाऊ नव्वाफ याने जर्मनीहून दुर्बीण पाठवली होती. वस्तू पाठवायला त्याला सवड असते, यायला नसते. सूर्य बुडताच मी ती गच्चीवर मांडली आणि नळीवर रबराने मोबाइल बांधला. मोबाइलमध्ये आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप होतं; त्याच्या पडद्यावर चंद्र मधोमध आणला की दुर्बिणीतही तो यायला हवा.

आलं नुसतं आकाश.

"हनादी, हा मोबाइल तुझ्या भावावर गेलाय," बाबा म्हणाले. "बोलतो फार, येत नाही कधी."

"जरा दम धरा हो बाबा."

"मी धरीन गं. चंद्र धरेल का?"

खरंच होतं ते. कोवळा चंद्र सूर्यामागोमाग बुडतो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सळयांमध्ये उभी होते! नव्वाफ लग्न करेल, वर मजला चढवेल म्हणून सोडलेल्या सळया. इथे प्रत्येक गच्चीवर असतात. बाबा त्या कापू देत नाहीत. त्या लोखंडानेच मोबाइलचं होकायंत्र भरकटलं होतं.

दुर्बीण दूरच्या कोपऱ्यात ओढली, होकायंत्र ताळ्यावर यावं म्हणून मोबाइल सोडवून हवेत गोल गोल फिरवला, पुन्हा बांधला. पडद्यावरचा चंद्र चांगलाच सरकला. दुर्बिणीत डोकावले, तर नखाच्या कडेएवढी कोर, लख्ख.

"बाबा, या! लवकर!"

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"रिकामंच आहे. तुझं यंत्र अजून चुकतंय."

मी डोळा लावला. कोर तिथेच होती. पुन्हा मधोमध आणली, त्यांना पुन्हा पाहायला लावलं.

"काही नाही गं."

बाबा ताठ उभे राहिले आणि काझी त्यांना विचारत तसं त्यांनी मला विचारलं, "अल्लाला स्मरून सांग. तुला दिसला?"

या घरात चंद्राबद्दल कोणी कधी खोटं बोललं नव्हतं.

"नाही, बाबा. मोबाइलच चुकतोय."

त्यांनी सुस्कारा सोडला. चेहरा चक्क उजळला.

"मग उद्या पाहू. उद्याचा चंद्र जाडा असतो, पोरी. आंधळ्यालाही दिसेल."