बुधवारचा फंड

अक्षतानं बुधवारीच यायचं, हे रोहिदासांनी ठरवलं होतं. तिला गुरुवारही चालला असता, पण गुरुवारी त्यांच्या घरी मासळी शिजत नसे, आणि करावेगावात आलेल्या माणसाला नुसत्या चहावर बोळवलं असतं तर गंगूनं वरून डोळे वटारले असते. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा निकेश कॅनडात. जागेचे आलेले पैसे बँकेत नुसते पडून आहेत म्हणून त्यानंच फोनवरून जुईनगरच्या या सल्लागार मुलीशी गाठ घालून दिली होती.

तिनं सुचवलेला फंड एकच होता, बाजारात शेअरसारखा विकत मिळणारा. त्यातला बहुतेक पैसा कर्जरोख्यांत, थोडा शेअरमध्ये, आणि शेअर कोसळले तर फटका कमी बसावा म्हणून त्यांना विम्यासारखी एक तरतूद.

"बाबा, टेन्शन नाय. घेऊन टाका," निकेश म्हणाला होता.

घेऊन टाकायला काय लागतं? पण एकदा घेतला की ही मुलगी कशाला येईल, हे रोहिदासांच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्यांना शंका येऊ लागल्या.

"पोरी, व्याजदर वर गेलं तर ह्या रोख्यांचा भाव खाली येनार न?"

येणार. तो का आणि कसा, हे ती समजावेपर्यंत भाकरी गार व्हायची, आणि रोहिदास आनंदानं दुसरी थापायला घ्यायचे. पुढच्या बुधवारी त्या विम्याच्या खर्चाचा प्रश्न निघाला. त्याच्या पुढच्या बुधवारी, आपण विकायला गेलो आणि बाजारात घेणाराच नसला तर? प्रश्न काही खोटे नव्हते. लबाडी एवढीच की उत्तरं त्यांनी आधीच शोधून ठेवलेली असायची. बाकीचे दिवस घर खायला उठायचं. मग माणूस दुसरं करणार काय?

त्या बुधवारी ते बोंबील तळत होते. अक्षता आली तीच खुशीत.

"काका, हा फंड नका घेऊ. मी सगळं तपासलं. रोखे आपण थेट घेतले तर स्वस्त पडतात. आणि शेअर वाढले तरी त्या विम्याच्या खर्चात फायदा जातो. खरं सांगू? तुमी एवढं विचारलं नसतं तर मी इतक्या खोलात गेलेच नसते."

तिनं लॅपटॉप मिटला. "रोख्यांची ऑर्डर मी ऑफिसातूनच टाकते. आता तुमाला माझा त्रास नाही."

रोहिदासांना आपल्याच जिभेचा राग आला. कढईतला बोंबील करपत होता, तो त्यांनी उलटला. ताटं दोन मांडून ठेवली होती.

"पोरी," ते पाठमोरेच म्हणाले, "दुसरा हाय का कुठला फंड? समजायला कठीन असला तरी चालंल."

काका गंमत करतायत असं वाटून अक्षता खळखळून हसली. मग रोहिदासही हसले.