दीडपट

शेवटचा पेशंट गेला तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. दिवसभर माणसं येऊन खोटं बोलून गेली होती. साखर? छे, कधीच सोडली. तळलेलं? वासही सहन होत नाही. डॉक्टरला, वकिलाला माणूस नाइलाजाने तरी खरं सांगतो. आहारतज्ज्ञापुढे बसला की भलेभले साधुसंत होतात. म्हणून या धंद्यात कुठल्याही पुस्तकात नसलेला एक नियम होता. समोरचा सांगेल ते मनातल्या मनात दीडपट धरायचं आणि त्या हिशेबाने आहार कापायचा.

तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. सख्खी थोरली बहीण, आणि कित्येक वर्षांची पेशंट. जिना चढून तिला धाप लागली होती. बसल्या बसल्या तिने पिशवीतून एक गुळगुळीत अहवाल काढून टेबलावर ठेवला.

"वाच. जनुकांची तपासणी करून घेतली. थुंकी पाठवली होती."

बाईंनी पानं उलटली. आकडे, लाल बाण, हिरवे बाण. या विषयाची कार्यशाळा झाली तेव्हा त्या मागच्या रांगेत डुलक्या काढत होत्या. नंतर कुणीतरी या शास्त्राची माहिती कितपत आहे असं विचारलं, तर ‘चांगली आहे’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. सगळ्यांनीच तसं सांगितलं होतं.

"माझं वजन वाढायचं ते रक्तातच आहे म्हणे," ताई म्हणाली. "म्हणजे मी चोरून खात नाही. आता तरी पटलं?"

‘हो’ म्हणावं आणि घरी जावं, असं बाईंना फार वाटलं. पण जीभ रेटेना.

"खरं सांगू? मला हे धड वाचता येत नाही. एवढं कळतं की तुझं वजन दुसऱ्यापेक्षा सहज वाढू शकतं. तू काय खातेस, ते थुंकीत दिसत नाही गं."

ताईचा चेहरा पडला. "म्हणजे या अहवालानेही माझी बाजू घेतली नाही." ती उठली आणि तोल जाऊन तिने टेबलाची कड धरली.

"चक्कर आली?"

"रोजच येते. तुला सांगून काय उपयोग? तू वजनकाट्याचं तेवढं ऐकतेस."

हे बाईंना झोंबलं. "बस खाली. काल काय काय खाल्लंस?"

बिनसाखरेचा चहा. दुपारी वाटीभर भात, थोडी भाजी. रात्री सफरचंद.

सवयीने डोकं दीडपट करायला धावलं. बाईंनी ते आवरलं आणि ताईने सांगितलं तेवढंच धरून बेरीज केली. मग घाबरून पुन्हा केली. एवढ्यावर लहान पोराचंही भागलं नसतं. दर खेपेला काटा हलला नाही की त्या ताईला लबाड ठरवून आणखी दोन घास कमी करत आल्या होत्या, आणि ताई ते इमानेइतबारे पाळत आली होती.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. वजन का हलत नाही ते नीट बघू," बाई कशाबशा म्हणाल्या. दुपारी उघडायला वेळ न मिळालेला स्वतःचा डबा त्यांनी ताईपुढे सरकवला. "आधी हे खा."

ताईने झाकण काढलं. हात मात्र घातला नाही. धाकट्या बहिणीकडे बघत तिने विचारलं, "यातलं किती चालेल मला?"

बाईंना रडू फुटलं.