सहाव्या तोकुनोजोंनी नाव दिलं तेव्हा

नटाच्या बायकोची कंबर लोखंडाची असावी लागते. किवा सकाळपासून नाट्यगृहाच्या दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. रेशमाचे व्यापारी, गेइशा घरांच्या मालकिणी, चहा-समारंभाचे गुरुजी, झाडून सगळं क्योतो नटूनथटून आलं होतं. प्रत्येक जण अभिनंदन करत होता, मुलगा आजपासून सातवा तोकुनोजो झाला म्हणून. आणि प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न वळवळत होता. या घरात बाप थकला की जिवंतपणीच आपलं रंगमंचावरचं नाव मुलाला देतो, हे खरं. पण सहावे तोकुनोजो तर चांगले ठणठणीत दिसतात, मग एवढी घाई कशाला?

ठणठणीत म्हणे. लोकांचं काय जातं बोलायला!

खरं काय ते किवाला ठाऊक होतं आणि मुलाला, सेंताला. उन्हाळ्यापासून नवरा विसरायला लागला होता. एकदा चालू प्रवेशात ते भलत्याच नाटकातली वाक्यं बोलून गेले. ठेका तोच होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच. उद्या सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. तेव्हा नाव स्वच्छ आहे तोवरच ते मुलाच्या हाती द्यायचं, असं तिघांनी घरात, दार लावून ठरवलं.

राहता राहिली आजची उद्घोषणा. पडदा उघडल्यावर सगळे नट रांगेत गुडघे टेकून, कपाळं जमिनीला लावून बसतात आणि नाव देणारा प्रेक्षकांना चार शब्द सांगतो. सेंताचं म्हणणं होतं, ते काम दुसऱ्या कुणा वडीलधाऱ्याला द्यावं. म्हातारा भडकला. माझं नाव मी माझ्याच तोंडाने देणार, म्हणाला. किवाने नवऱ्याची बाजू घेतली. आज काही उलटंसुलटं झालं, तर उभ्या जन्माची अब्रू जाणार होती, आणि ती घालवणारी ती स्वतः ठरणार होती.

शेवटचा पाहुणा आत गेला तशी ती लगबगीने सभागृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पडदा सरकला. मधोमध तिचा नवरा, त्याच्या उजव्या हाताला सेंता.

म्हाताऱ्याने मान वर केली. आवाज कसा खणखणीत लागला. थंडीतून आल्याबद्दल त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, पूर्वजांची नावं घेतली. किवाचा जीव भांड्यात पडायला आला होता, आणि तेवढ्यात ते म्हणाले, "माझे वडील, पाचवे तोकुनोजो, आज त्यांचं नाव मला देताहेत. मी त्या नावाच्या लायकीचा नाही. पण मरेपर्यंत शिकत राहीन."

हे भाषण किवाने ऐकलं होतं. लग्न नुकतंच ठरलं होतं, नाट्यगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर आईच्या शेजारी बसून तिने हेच शब्द ऐकले होते आणि हा माणूस आपला होणार म्हणून तिला रडू आलं होतं. तिचा नवरा स्वतःच्याच नामग्रहणाच्या दिवसात जाऊन बसला होता.

आणि बोलत किती सुरेख होता! एक शब्द इकडचा तिकडे नाही. भाषण संपवून त्यांनी कपाळ टेकलं आणि मग उजवीकडे वळून ते थांबले. त्या दिवशी तिथे त्यांचे वडील बसले होते, आणि आता बोलायची पाळी वडिलांची होती.

रांगेतल्या कुणाला मान वर करायची मुभा नव्हती. किवाने मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले.

सेंताने मान वर केली. आवाज त्याचा नव्हता, आजोबांचा होता.

"पोरगा अजून कच्चा आहे," तो म्हणाला. "पण मनाचा खरा आहे. माझ्यामागे त्याला सांभाळून घ्या."

दर नवीन वर्षाला दोन पेले पोटात गेले, की म्हातारा घरात दोन्ही भाषणं म्हणून दाखवायचा, आपलंही आणि बापाचंही. सेंता तेव्हा तांदळाच्या मोचीचा तुकडा चघळत कंटाळलेला असायचा. ऐकत होता म्हणायचा मेला.

म्हाताऱ्याने समाधानाने कपाळ टेकलं. मग सेंता आपल्या आवाजात प्रेक्षकांना म्हणाला, "माझ्या आजोबांनी यांच्यासाठी हेच मागितलं होतं, आणि तुम्ही ते दिलंत. माझं मागणंही यापेक्षा वेगळं नाही. आजपासून सातवा तोकुनोजो आपल्या पायाशी आहे."

घराण्याचं नाव नेमक्या क्षणी पुकारण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुरामोची नावाच्या तोफूवाल्याची हयात गेली होती. "मिनातोया!" तो गरजला. मग, "सहावे!" एक श्वास जाऊ दिला आणि "सातवे!" टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. सगळ्यांना वाटलं, काय युक्तीने बसवलंय बाप-लेकांनी. कित्येक जण डोळे पुसत होते. वाटू दे बापडे.

किवा रंगपटात पोचली, तेव्हा म्हातारा आरशासमोर बसला होता, सेंता शेजारीच होता. तिला पाहून हळूच म्हणाला, "चुकलो ना मी?"

खोटं बोलावंसं वाटलं तिला, पण ती म्हणाली, "चुकलात. पोराने सांभाळून घेतलं."

"पोराने," ते म्हणाले, आणि त्यांनी वळून सेंताकडे पाहिलं.

दारावरच्या पडद्याबाहेरून रंगमंचाच्या माणसाने हाक दिली, तोकुनोजोसान, तयारीला लागा. बाप-लेक दोघंही एकदम "हो" म्हणाले. म्हातारा अर्धवट उठला होता. तो तसाच परत बसला, हसला, आणि सेंताला पाठ करून बसायला सांगितलं. घराणं स्त्री-भूमिकांचं, मानेचा पांढरा रंग नीट लागला पाहिजे. त्यांनी ब्रश घेतला आणि एका दमात, कुठेही न अडखळता तो रंग चढवला. हात काहीच विसरले नव्हते.

"जा, तोकुनोजो," ते मुलाला म्हणाले. ते नाव दुसऱ्या कुणाला त्यांनी प्रथमच दिलं होतं.

सेंता गेला. म्हातारा ब्रश धुवत बसला. मग म्हणाला, "आता माझ्याकडे काही उरलं नाही बघ. मला आता हाक कशी मारशील?"

"अहो म्हणेन," किवा म्हणाली. "पहिल्यापासून तेच म्हणतेय. ते कुणाला द्यायचं नाहीये."

आणि तिने त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला, कारण पाणी फार गार होतं.