अर्थिंगचं मीठ

खड्डा कमरेच्या वर गेला तरी त्रिंबक खणायचा थांबेना. कडेला उभ्या बद्रीनाथनं दोनदा सांगून पाहिलं, एवढं पुरे, आता वर या. त्रिंबकचं एकच म्हणणं, ओल लागल्याशिवाय त्याला अर्थिंग म्हणायचं नाही.

चितेगावातलं हे घर त्याच्या व्याह्याचं, बद्रीनाथचं. त्याची एकुलती लेक शालू याच घराच्या मोरीत शॉक लागून गेली. गीझर आणि धुण्याचं मशीन, दोन्ही दिव्यांच्याच बारीक वायरीवर जोडलेली. ओझ्यानं वायर तापली, वरचं प्लास्टिक विरघळलं आणि करंट मशीनच्या पत्र्यात उतरला. अर्थिंग नसल्यानं जमिनीत जायला त्याला वाटच नव्हती. शालूचे हात ओले होते.

गेल्या दिवाळीत त्रिंबकनं ती वायर पाहिली होती. सारा जन्म संभाजीनगरात वायरमनकी केलेला माणूस. हात आपसूक खिशातल्या टेस्टरकडे गेला. पण सोयऱ्यानं व्याह्याच्या घरातला बोर्ड कसा खोलायचा? वायर बारीक दिसती, एवढंच तो पुटपुटला. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणी न पिणारा बाप तो. बद्रीनाथनं नेमकं तेच धरलं.

"पाव्हणं आमचं पाणी पेत नाईत, अन् वायरी तपासत्यात व्हय?"

सगळे हसले. शालूही पदराआड हसली. मग त्रिंबकही हसला, आणि टेस्टर खिशातच राहिला.

आता जावयाचं, हनुमानचं, दुसरं लग्न ठरलं होतं. बद्रीनाथनं फोन केला. नवी सून यायच्या आत लाइन करून द्या, दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटत नाय, एवढंच कसंबसं म्हणाला. बानाबाई भाकरी थापत होती. चितेगावात वायरमन मेलेत का, तिनं नवऱ्याला विचारलं.

 परक्याची लेक आपली माना, हे दर सप्त्यात बुवांच्या मागं टाळ धरून त्रिंबकनं ऐकलं होतं. तिथं मान डोलावणं सोपं होतं.

"ती बी कुणाच्या तरी घरची शालूच हाय गं."

बानाबाई पीठभरल्या हातांनीच उठली. वायरमनच्या संसारात अर्थिंगला मीठ लागतं हे काय तिला सांगायला हवं? घरातलं सगळं जाडं मीठ तिनं पिशवीत ओतलं.

"मीठ आपलंच घाला. त्या घरचं नगं."

खड्ड्यात ओल लागली. त्रिंबकनं तांब्याची प्लेट उभी केली, ओल धरून ठेवायला कोळसा आणि मीठ थरावर थर घातलं. खड्डा बुजवला, पाणी घालायला नळीचं तोंड तेवढं वर ठेवलं. मेन बोर्डापासून गीझरला वेगळी जाड वायर ओढली, मशीनला वेगळी. सगळं चालू करून मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. तो पेटला नाही. तरी त्यानं हात ओला केला, त्याच पत्र्यावर ठेवला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

बद्रीनाथ तांब्या भरून घेऊन आला.

"आता तरी घोटभर घ्या, पाव्हणं."

त्रिंबकनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग नळीपाशी जाऊन बसला आणि बारीक धारेनं पाणी आत सोडू लागला.

"उन्हाळ्यात नव्या सुनेला रोज असं पाणी घालाया सांगा. माती कोरडी पडू देऊ नगा."

खाली मिठात पाणी मुरत गेलं. धार संपली तरी तो तांब्या तसाच कलता धरून बसला होता.