नायकाची शिंक आणि मावशींची दाढ

मी एक कॉमिक बोलतोय. हो, तोच मी, दातांच्या दवाखान्यात बाकाशेजारच्या टेबलावर पडलेला. मुखपृष्ठावर भलामोठा चिमटा घेतलेला राक्षस आहे ना, तोच. आता दातांच्या दवाखान्यात असलं चित्र ठेवावं का? पण डॉक्टरांनी रद्दीच्या दुकानातून मासिकांचा गठ्ठा उचलला आणि त्यात मी फुकट आलो. गठ्ठ्यात कोण कोण आहे हे त्यांनी पाहिलंच नाही.

माझी गोष्ट तशी साधी आहे. एका माणसाची शिंक नाकापर्यंत येते आणि आल्या पावली परत फिरते, ती थेट नरकात. हा पठ्ठ्या तिला आणायला खाली उतरतो. नरकात जिने स्वतःच वर चढत असतात, माणसं तिथेच राहतात. नदी इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली. द्वारपालाला तोंडच नाही, म्हणून तो गुडघ्यांनी बोलतो, आणि त्या दोन गुडघ्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. चित्रकाराला हे ताप चढल्यावर सुचलं की उतरल्यावर, देव जाणे. छापखान्यातले लोक मला जुळवताना हसून हसून लोळले होते. दुकानात मात्र कुणी हात लावेना. "घरात नरक कशाला?" म्हणून सगळे पुढे जायचे.

इथे आलो आणि माझं नशीब उघडलं. दाढ ठणकत असलेल्या माणसाला नरकाची गोष्ट फार जवळची वाटते! पण एक गोम होती. नंबर लागला की वाचणाऱ्याला मला मिटून आत जावं लागायचं आणि बाहेर येणाऱ्याच्या तोंडात कापसाचा बोळा. म्हणजे ज्यांना बोलता येतं त्यांची गोष्ट अर्धीच वाचून झालेली, आणि बाहेर येऊन जे पुढचं वाचत, त्यांना बोलता येत नसे. त्यात एकदा कंपाउंडरने नेहमी येणाऱ्या एका मास्तरांच्या कवळीचा ओला साचा वाळायला माझ्यावरच ठेवला. मी पालथा पडलो होतो. प्लास्टर झिरपलं आणि माझी शेवटची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली. नायक नरकातून परत येतो की नाही, हे कुणालाच कळेना.

मग काय, वादाला ऊत आला.

"शिंक म्हणजे आत्मा हो," मास्तर कवळीविना बोलायचे. "आत्मा परत येतो, देह तिथेच राहतो."

"अहो मास्तर, खाली उतरणारा माणूस परतीच्या गाडीची चौकशी करूनच उतरतो," बसचा कंडक्टर गालावर हात ठेवून म्हणायचा. शब्द निम्मे, भांडण मात्र पुरेपूर.

आणि मावशी. कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान. जन्मभर दातांनी दोरा तोडला, ओठांत टाचण्या धरल्या, आणि आता दाढ अशी किडली की घास गिळवेना. ती काढायचीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नंबर आला की मावशी शेजाऱ्याला म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मला काही घाई नाही." मग मला उघडून नाकासमोर धरायच्या. संध्याकाळी दाढेसकट घरी परत. मला त्यांचा लळा लागला होता आणि काळजीही वाटायची.

एके दिवशी त्यांचा गाल एवढा सुजला की डोळा बारीक झाला. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "मावशी, आज नाही काढली तर पू जबड्यात पसरेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मावशींनी मला छातीशी धरलं. "डॉक्टर, एवढंच सांगा. हा परत येतो का? तो आला तर मी जाते आत."

डॉक्टरांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. "अरे बापरे! हे इथे कुणी ठेवलं?"

सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"बरं बरं. चला, खुर्चीत बसा. तिथे दिवा चांगला आहे, पान सोडवून बघू." मावशी गोष्टीच्या नादात जाऊन बसल्याही! मास्तर, कंडक्टर, कंपाउंडर दारात दाटीवाटीने उभे. डॉक्टरांनी मला दिव्याखाली धरलं आणि दातांवरचं कीट खरवडायचं हत्यार काढलं. त्या खुर्चीतल्या लोकांचं दुःख मला तेव्हा कळलं. दात नसताना माझी दातखीळ बसली. खर्र, खर्र! प्लास्टरची पूड उडाली. मावशींचं नाक वळवळलं, त्यांनी डोळे मिटले, पण शिंक आल्या पावली परत गेली.

पान सुटलं, आणि चित्र प्लास्टरबरोबर निघून आलं. राहिला नुसता पांढरा कागद. खाली कोपऱ्यात उंबरठ्यावर ठेवलेला एक बूट तेवढा उरला होता.

"आत जाणारा की बाहेर येणारा?" कंडक्टरने विचारलं.

मावशींनी ते पान जवळ ओढून बघितलं. मग खुदकन हसल्या. "म्हणजे मेलं जाऊनच बघावं लागणार." आणि त्यांनी आ केला.

दार लागलं. बाहेर मला मधोमध धरून मास्तर आणि कंडक्टर बसले, पण वाचत कुणीच नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी दार उघडलं. तोंडात बोळा, डोळ्यांत पाणी, आणि मावशी आपल्या पायांनी चालत बाहेर. "दुखलं का हो?" कंडक्टरने विचारलं. मावशींनी हात वर केला. थांबा! नाक पुन्हा वळवळलं. आणि अशी शिंक आली, अशी आली, की बोळा उडून थेट माझ्या पांढऱ्या पानावर!

"आला! शिंक घेऊन परत आला!" कंडक्टर ओरडला. मास्तर चक्क बाकावर चढले. डॉक्टर नवा बोळा घेऊन धावत आले.

आता माझ्या शेवटच्या पानावर एक तांबूस डाग आहे. "हाच शेवट," असं मास्तर नव्या कवळीतून सगळ्यांना सांगतात. माझी पाठ उसवली होती, ती मावशींनी जाड दोऱ्याने शिवून दिली. दोरा मात्र कात्रीने कापला.

तुम्ही कधी आलात तर मला जरूर उघडा. पण हाक आली की मिटून ठेवा आणि जा आत. मी कुठे जात नाही. बाहेर येताना एक शिंक तेवढी घेऊन या.