दोन बोटं आखूड पान

“हे कागद कोनाचे?” कॉन्रॅडने काउंटरवरच्या गठ्ठ्यावर पंजा ठेवला.

“तुमच्याच दलाचे ना काका. स्वप्नील सर देऊन गेलेत,” छापखान्याचा मालक ईश्वर मशीन बंद न करताच ओरडला. “संडेला लागणारेत, अर्जंट करतोय.”

“आन मना कोनी सांगितलं न्हाय.”

हे वाक्य कॉन्रॅड दिवसातून चारदा तरी म्हणायचा. बसची वेळ बदलली, चर्चमधल्या मिस्साची वेळ बदलली, शेजाऱ्याने कुंपणाला रंग दिला, तरी याला पहिला संशय हाच, की सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपल्यापासूनच लपवलं. एकाहत्तर वर्षांचा गडी, समुद्रकाठच्या उत्तनचा, तीस वर्षं मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. समुद्रात वाऱ्यावर, ढगावर, शेजारच्या होडीवर, कोणावरही विश्वास टाकायचा नसतो. तिथे तो गुणच होता. जमिनीवर आल्यावर त्याच गुणाने त्याने बायकोच्या नाकी नऊ आणले होते.

पण आजची गोष्ट वेगळी होती. आज खरंच काहीतरी शिजत होतं. किनारा युवा दलातल्या प्रत्येक पोराकडे खिशात मावेल अशी निळी पुस्तिका असे. दोन वर्षांत काय काय करून दाखवायचं त्या अटी तिच्यात छापलेल्या आणि प्रत्येक पानाच्या तळाशी परीक्षकाच्या सहीची जागा. पान सोळावर समुद्रातली परीक्षा होती. धक्क्यापासून नांगरलेल्या होडीपर्यंत पोहत जायचं आणि पोहतच परत यायचं. त्या पानावर अठरा वर्षं एकच सही होत आली होती, कॉन्रॅडची. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाची सही इंजिनीअर-डॉक्टरांच्या पोरांच्या पुस्तकात! त्याची छाती त्या एका सहीने फुगायची. आणि आता दलाने अटी बदलल्या, असं सकाळी चर्चबाहेर कानावर आलं होतं. सगळी पुस्तिका नवी छापली तर पोरांच्या झालेल्या सह्या फुकट जाणार, म्हणून बदललेल्या अटी तेवढ्या पुस्तिकेच्या मापात छापून जुन्या पानावर चिकटवायच्या होत्या. कॉन्रॅड बस पकडून तडक केबिन रोडच्या या छापखान्यात आला होता.

“कुठल्या पानावर चिकटवनार?”

“सोळा.”

“बग! बाकी सगलं पुस्तक बरं हाय, माजंच पान तेवढं वाईट?”

“काका, मी छापणारा माणूस. मला कशाला मध्ये घेता?”

कॉन्रॅडने गठ्ठ्यातला एक कागद उचलला. नाकाशी नेला, मग हात लांब करून धरला. अक्षरं कुठूनही अक्षरांसारखी दिसेनात. “येवडं बारीक कशाला छापलंय? कोनाला वाचता येऊ नये म्हनून?”

“अहो, मजकूर मोठा, पान छोटं! पुस्तकातून बाहेर आलं तर फाटणार ना? त्यात सर बोलले, दोन बोटं आखूड कापा, खालची सही झाकता कामा नये. ज्यांची टेस्ट झालीय त्यांची झालेली धरणार.”

हे ऐकून कॉन्रॅड शांत व्हायला हवा होता. झालं उलटंच. ज्याला आपला काटा काढायचाय तो आपली सही जपतो कशाला? तिकडे शहरात, शांतीनगरात राहणारा, दोन वर्षांपूर्वी दलाचा प्रमुख झालेला हा स्वप्नील तसा गोड बोलायचा. ‘काका, तुम्ही आहात म्हणून दल आहे,’ म्हणायचा. गोड बोलणाऱ्यांची कॉन्रॅडला पहिल्यापासून धास्ती.

“वाच,” तो म्हणाला.

ईश्वरने मशीन थांबवलं आणि घाईघाईत वाचलं. पोहण्याची परीक्षा यापुढे तरणतलावात, प्रशिक्षकासमोर.

“येवडंच? येवड्या अक्षरांत येवडंच?”

“बाकी असंच असतं हो, नियम-बियम.”

म्हणजे हाही सामील. ईश्वरने पाठ फिरवल्याबरोबर कॉन्रॅडने तो कागद शर्टाच्या खिशात घातला आणि दुकानाची पायरी उतरला.

घरी क्लारा ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली ही बाई नवऱ्याची चप्पल वाजली की त्याचा आज कोणावर संशय आहे ते ओळखायची. त्याने कागद तिच्यापुढे धरला. “वाच. सगलं वाच. येक अक्षर गालू नको.”

तिने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि न अडखळता वाचत गेली. परीक्षा तरणतलावात घ्यावी. पाण्याची खोली मुलाच्या उंचीपेक्षा जास्त असावी. परीक्षकाने मूल जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पोहताना स्वतः पाहिलेलं असावं. परीक्षकाची नजर दर वर्षी तपासून घ्यावी.

शेवटच्या वाक्यावर कॉन्रॅड भडकणारच होता, पण मध्येच थबकला. क्लाराचा चष्मा आत खिडकीत होता. चष्म्याशिवाय या बाईला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येत नसे.

“तू वाचलंस कसं?”

क्लाराने कागद खाली ठेवला. “वाचलं न्हाय.”

“मग?”

“मीच बोलली. स्वप्नीलनं लिवून घेतलं.”

कॉन्रॅड ओट्यावरच्या खाटेवर बसला. सगळ्या जगावर त्याने संशय घेतला होता, अगदी बिशपांवरसुद्धा. हे घर तेवढं राहिलं होतं.

“मागच्या परीक्षेच्या दिवशी मी बोंबील वालत घालीत होती,” क्लारा सांगू लागली. “ओहोटी लागलेली. दलातली ती मीनल गेली पोवत, बरी गेली. येताना दमली. होडीच्या अलीकडं वालूचा पट्टा हाय, छातीएवडं पानी. पोरगी चालत आली, कॉन्रॅड. हात हलवीत चालत आली. तू धक्क्यावर उबा होतास. टाल्या वाजवल्यास आन सही केलीस.”

“खोटं.”

“मी कवा खोटं बोलली?”

त्या दिवसाचं ऊन त्याला आठवलं, पाण्यावरची चमक आठवली. हात हललेले आठवले. बाकी सगळं पांढरं होतं.

“मना का न्हाय सांगितलंस?”

“डॉक्टर तुला मोतीबिंदू बोलला तवा तू काय बोललास? क्लाराची आन डॉक्टराची मिलीभगत हाय. मग मी आनखी काय सांगू तुला?” तिने सोललेली कोलंबी बाजूला सारली. “उद्या ती पोरगी होडीवरून पडली, आन पुस्तकात लिवलंय तिला पोवता येतंय, तर? स्वप्नील बिचारा बोलला, काकांचा अपमान नको, झालेल्या सह्या राहू दे. मीनलला गुपचूप परत शिकवतो बोलला.”

गुपचूप! कॉन्रॅडला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. लोक आपल्या पाठीमागे काहीतरी करताहेत हा त्याचा संशय जन्मात पहिल्यांदा खरा ठरला होता, आणि ते त्याची अब्रू सांभाळत होते. रात्री तो जेवला नाही. क्लारानेही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ईश्वरच्या काउंटरशी उभा राहिला. चोरलेला कागद त्याने आधी परत ठेवला, मग म्हणाला, “मना एक पान पायजे. पुरं. आखूड न्हाय.”

“पुरं दिलं तर सही झाकली जाईल काका.”

“मंग? झाकायचीच हाय.”

ईश्वरने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुस्तिकेच्या मापाचं एक अख्खं पान कापून दिलं.

रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये डिंकाच्या बाटल्या घेऊन पोरं बसली होती. स्वप्नील रांगेतून फिरत पान सरळ कसं लावायचं ते दाखवत होता. कॉन्रॅडला पाहून तो लगबगीने पुढे आला. “काका, या ना, बसा. मी तुम्हाला सांगणारच होतो, म्हणजे...”

“मना सगलं कललंय. मीनल कुठंय?”

तेरा वर्षांची मीनल कोपऱ्यात बसली होती. कॉन्रॅड समोर येऊन बसला तशी तिने पुस्तिका घट्ट धरली. तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, पण ती रडायच्या बेतात आहे हे त्याला कळलं.

“अंकल, मी सांगणार होते. खरंच. तुम्ही एवढ्या टाळ्या वाजवल्या ना, मग मला...”

“चूक तुजी न्हाय. सही मी केली. बगितल्याबिगर केली.” त्याने हात पुढे केला. “दे.”

तिने पुस्तिका दिली. स्वप्नील जवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, कशाला? बाकीच्यांसारखं आखूड पान लावू या ना.”

“बाकीची पोरं पोवली असतील. ही न्हाय पोवली. माजी सही खोटी हाय, ती ठेवू कशी?”

कॉन्रॅडने पानाच्या मागे डिंक लावला, चारी कडांना, मधोमध, कुठे जागा सोडली नाही. मीनलने सोळावं पान उघडून धरलं. त्याने चाचपत कोपऱ्याला कोपरा लावला आणि अंगठ्याने वरून खालपर्यंत दाबत नेलं. सहीच्या जागेवर अंगठा जरा जास्त वेळ राहिला.

“तलावात शीक,” तो म्हणाला. “शिकलीस की दुसरा कोनी करील सही. चांगली डोल्यानं बगून करील.”

“हो अंकल.”

पुस्तिका त्याने डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडे वळवली. मग ती मीनलपुढे ठेवली.

“बग गो. झाकली का सगली?”

मीनलने पान जवळून पाहिलं. “झाकली अंकल.”

कॉन्रॅडने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.