ओरडू नकोस, आत्या

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जाळी एका बाजूने चेपली आहे, पण कान अजून तिखट आहेत. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्यापुढे कागद चुरगाळला आणि "छान ऐकतोय हा" म्हणत मला खोक्यात ठेवलं. ते माझं पहिलं कौतुक.

मग कितीतरी वर्षं मी एका तरुणीच्या टेबलावर होतो. निरनिराळी कामं करणाऱ्या माणसांशी गप्पा मारून ती पॉडकास्ट करायची. नवा माइक आला आणि मी खणात गेलो. बोथट पेन्सिली आणि एक काडी तुटलेला चष्मा, एवढीच सोबत.

एके दिवशी तिने मला पुसलं आणि दुसऱ्या गावी, तिच्या आत्याकडे पाठवलं. आत्या चौतीस वर्षं प्रसूती विभागात नर्स होती. तिच्या घशाचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. पहिला आवाज परत येईलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून भाचीला ऑनलाइन कॉलवर तिच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या.

आत्याच्या यजमानांनी मला लॅपटॉपला जोडलं. कॉल सुरू झाला.

"आत्या, विहिरीतून बोलल्यासारखं येतंय. जरा मोठ्याने बोल ना!"

आत्या मोठ्याने बोलली. मग आणखी मोठ्याने. शेवटी तिला खोकल्याची अशी उबळ आली की यजमान पाण्याचा पेला घेऊन धावले.

"माइकच गेलाय, काका. फेकून द्या तो," भाची वैतागली.

मला तर आत्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता! पण सांगणार कसं?

यजमान जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. "थांब गं," ते म्हणाले, "आधी दुखणं कुठे आहे ते बघू." त्यांनी माझ्या जाळीवरून नख फिरवलं. "आलं ऐकू?"

"नाही."

मग त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून नख फिरवलं.

"बाप रे! केवढी खरखर!"

म्हणजे माझं कुणी ऐकतच नव्हतं. कॉलच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचाच माइक निवडलेला होता. त्यांनी तिथे माझं नाव निवडलं. तरीही आत्या खळखळून हसली की तिची पुढची वाक्यं बारीक व्हायची, कारण कॉल आपणहून आवाज कमी-जास्त करत होता. तेही त्यांनी बंद केलं आणि मला आत्यापासून वीतभर अंतरावर ठेवलं.

"आता कुजबुजलीस तरी चालेल," भाची म्हणाली. "मी उगाच तुला ओरडायला लावलं गं."

"तू जन्मलीस तेव्हा रडतच नव्हतीस," आत्या हळूच म्हणाली. "पाठ चोळून चोळून माझे हात भरून आले. तेव्हा मी तुला ओरडायला लावलं होतं. झाली फिटंफाट!"

तीन दिवस दोघी बोलत राहिल्या. ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र खरखरीत झाला, अगदी हलका. दर रविवारी मी तोही टिपतो.

मित्रांनो, न तपासता कोणतीही वस्तू फेकू नका. आणि कुणाला "मोठ्याने बोल" म्हणण्याआधी, आपण त्याचं ऐकतोय ना, तेवढं बघा.